पाकिटावरील पत्ता : बारनिशीच्या टाकापासून कार्यालयीन प्रिंटरपर्यंत

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला पत्र हवे असते. पत्र ज्यातून आले ते पाकीट त्याला बहुधा नको असते. दप्तरखान्यात पत्रे फायलीला लागतात, त्यांवर पृष्ठांक पडतात, पुढे कधीतरी त्यांचे संपादनही होते. पाकीट मात्र उघडल्याबरोबर केराच्या टोपलीत जाते, किंवा फार तर तिकीट कापून घेण्यापुरते जपले जाते. वास्तविक पत्र खाजगी असते आणि पाकीट सार्वजनिक असते. लेखक, कारकून, शिपाई, टपाल वर्गीकरण करणारे कर्मचारी, पोस्टमन आणि अलीकडे यंत्र, अशा अनेकांच्या नजरेखालून जाणारा कागद म्हणजे पाकीट होय. या कागदावर पत्ता कोणी, कशाने व कोणत्या लिपीत उमटवावा, या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाची स्थूल मांडणी केली असून विशेष भर कार्यालयातील संगणकीय प्रिंटरवर पाकिटे छापण्याच्या प्रथेवर दिला आहे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वळले ते एका वैयक्तिक प्रसंगामुळे. एम. फिल. झाल्यानंतर एका शिक्षणसंस्थेकडे सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज केला होता. मुलाखतीचे पत्र घरी पोहोचले ते मुलाखत होऊन पाच दिवस झाल्यावर. पाकिटावरील पत्ता लेसर प्रिंटरने छापलेला होता आणि त्यातील तालुका व जिल्हा दर्शविणारी ओळ निम्मी गळून पडली होती. पिनकोडचे ४१६ हे पहिले तीन अंक शिल्लक होते, पुढचे तीन नव्हते. ४१६ हे अंक कोल्हापूरलाही आहेत, सांगलीलाही आहेत आणि घाटाखालच्या सिंधुदुर्गलाही आहेत. पाकिटाच्या पाठीवर कोल्हापूरचा शिक्का होता. संस्थेत चौकशी केली असता जावक क्रमांक, दिनांक, टपाल पावती असे सर्व काही बिनचूक निघाले. कागदोपत्री पत्र वेळेत गेले होते. ते पाकीट आजही जपून ठेवले आहे आणि या लेखाचे ते पहिले साधन आहे.

लखोटा, लिफाफा, पाकीट

मराठीत या वस्तूला तीन शब्द आहेत आणि तिन्हींचा काळ वेगळा आहे. लखोटा हा मराठेशाहीच्या पत्रव्यवहारातला शब्द. लिफाफा अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच्या मुळाशी गुंडाळणे हा अर्थ आहे. पाकीट हे इंग्रजी 'पॅकेट'चे मराठी रूप. मराठा दरबारात मातब्बर व्यक्तीला जाणारा खलिता थैलीतून जात असे व थैलीवरूनच पाठविणाऱ्याचा दर्जा कळत असे. सामान्य पत्र घडी घालून, चिकटवून जासूदाच्या हाती दिले जाई. पत्ता म्हणजे आज आपण समजतो तसे ठिकाणाचे वर्णन त्यावर असण्याची गरज नव्हती. जासूदाला माणूस ठाऊक असे.

मात्र त्या काळच्या दप्तरात एक पद्धत अशी होती की जिची आठवण आजच्या कार्यालयाने ठेवावी. पत्र हाती आले की त्यावर पैवस्तीची नोंद होत असे. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतून (१९३० ते १९३४) फिरताना अशा नोंदींमुळे पत्र कधी पोहोचले हे अनेकदा कळते व त्यावरून घटनांचा क्रम लावता येतो. पाकिटावरील टपालशिक्का हा या पैवस्तीचाच आधुनिक वारस मानता येईल. फरक इतकाच की पैवस्ती पत्रावर होती, म्हणून ती टिकली. शिक्का पाकिटावर पडू लागला आणि पाकिटाबरोबर नाहीसा होऊ लागला.

युरोपातही स्वतंत्र पाकिटाचा प्रसार उशिराच झाला. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी टपालखर्च अंतरावर व कागदांच्या संख्येवर आकारला जाई. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे दुप्पट खर्च. त्यामुळे पत्राचीच घडी घालून पाठीवर पत्ता लिहीत. रोलंड हिल यांच्या सुधारणेनुसार १० जानेवारी १८४० पासून वजनावर आधारलेला एक पेनीचा समान दर लागू झाला आणि ही अडचण संपली. त्याच वर्षी मे महिन्यात चित्रकार विल्यम मुलरेडी यांनी रेखाटलेली सरकारी छापील पाकिटे निघाली. त्यांवरील ब्रिटानियाच्या भव्य चित्राची लोकांनी इतकी टर उडविली की ती मागे घेऊन नष्ट करावी लागली. छापील पाकिटाचा सरकारी इतिहास असा फजितीने सुरू होतो, हे नमूद करण्यासारखे आहे. पुढे १८४५ मध्ये रोलंड यांचे बंधू एडविन हिल व वॉरन डी ला रू यांनी पाकिटे घडविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिले.

भारतात बार्टल फ्रिअर यांच्या पुढाकाराने १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात टपाल तिकिटे सुरू झाली. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा एकच दर ठरला. अंतराचा प्रश्न संपल्यावर अनोळखी माणसाने अनोळखी गावी पत्र पोहोचविण्याचे युग सुरू झाले. जासूदाची ओळख जाऊन तिच्या जागी पाकिटावरचा मजकूर आला.

मु. पो. ता. जि.

मराठी पत्त्याचे जे सूत्र आपण शाळेत शिकलो, म्हणजे मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, ते या नव्या व्यवस्थेचेच अपत्य आहे. 'पोस्ट' हा शब्द सोडला तर बाकीची परिभाषा महसुली आहे. गावाचे नाव आधी, मग पोस्ट ऑफिस असलेले गाव, मग प्रशासनाच्या पायऱ्या. या चार अक्षरांत राज्यसंस्थेचा आराखडाच उतरला आहे. नावाआधीची 'श्री. रा. रा.' ही राजमान्य राजश्रीची संक्षिप्त खूण मात्र जुन्या मायन्यातून तशीच पुढे आली आणि विसाव्या शतकातही दीर्घकाळ पाकिटांवर दिसत राहिली.

सरकारी व निमसरकारी कार्यालयांत पाकिटावर पत्ता घालण्याचे काम बारनिशीत होत असे. आवक-जावक सांभाळणाऱ्या शाखेचे हे नावही मराठी दप्तराच्या परंपरेतूनच आले आहे. जावक बारनिशीत क्रमांक टाकणे, पाकिटावर तोच क्रमांक लिहिणे, पत्ता घालणे, खळीने तोंड बंद करणे, तिकिटांचा हिशेब ठेवणे ही कामे एकाच मेजावर चालत. चांगले वळणदार अक्षर ही तेथे पात्रता होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदटंचाईमुळे वापरलेल्या पाकिटावर नवी चिठ्ठी डकवून तेच पुन्हा पाठविण्याची रीत पडली. 'इकॉनॉमी स्लिप' या नावाने ती स्वातंत्र्यानंतरही भारतीय कार्यालयांत टिकून राहिली. एकाच पाकिटावर दोन-तीन कार्यालयांचे पत्ते एकाखाली एक दडलेले असणे ही त्या काळची साधी गोष्ट होती. इतिहासाच्या दृष्टीने असे पाकीट फार बोलके असते, पण ते सांभाळायचे कोणी?

टंकलेखन यंत्राने बारनिशीतल्या टाकाला पहिला स्पर्धक दिला. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये विक्रीस आणलेल्या यंत्रापासून पुढे या यंत्रांतील रबरी रुळाभोवती कागदाप्रमाणे पाकीटही गुंडाळता येई. कागदाचे दोन-तीन पदर असले तरी खिळ्याचा ठसा उमटे, फारच झाले तर अक्षर थोडे पुसट येई. भारतात गोदरेजने १९५५ मध्ये स्वदेशी बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले व पुढे अर्धशतकभर ते महाराष्ट्रातील कचेऱ्यांत खडखडत राहिले. मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होणे ही हजारो तरुण-तरुणींसाठी नोकरीची पहिली पायरी ठरली. पण एक-दोन पाकिटे टंकलिखित करणे वेगळे आणि दोनशे पाकिटे करणे वेगळे. मोठ्या संख्येसाठी पाश्चात्त्य देशांत धातूच्या पट्ट्यांवर पत्ते उठवून छापणारे 'अ‍ॅड्रेसोग्राफ' यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. शिकागोच्या अमेरिकस कॅलहान यांनी तर १९०२ मध्ये खिडकीच्या पाकिटाचे पेटंट घेऊन पाकिटावर पत्ता घालण्याची गरजच काढून टाकली. आतल्या पत्रावरचाच पत्ता खिडकीतून दिसावा, ही ती कल्पना. आपल्याकडे ती दूरध्वनीची बिले व बँकांची पत्रे यांतून रुळली. महाविद्यालयीन कचेरीत ती फारशी शिरली नाही.

कचेरीत रुजला तो दुसराच उपाय. 'स्वतःचा पत्ता लिहिलेले व योग्य ते तिकीट लावलेले पाकीट अर्जासोबत जोडावे,' हे वाक्य भरतीच्या जाहिरातींत व परीक्षांच्या माहितीपत्रकांत इतके रूढ झाले की त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटेनासे झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते कार्यालयीन श्रमाच्या इतिहासातील ही मोठी घटना आहे. पत्ता घालण्याचे काम आणि त्याचा खर्च, दोन्ही अर्जदाराकडे गेले. नकाराचे पत्रसुद्धा स्वतःच्याच हस्ताक्षरातील पाकिटातून घरी यावे, हा अनुभव एका पिढीने घेतला आहे. एक लाभ मात्र मान्य केला पाहिजे. पत्ता ज्याचा, त्यानेच लिहिल्यामुळे तो सहसा चुकत नसे.

पिनकोड आणि यंत्राची नजर

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्यामागील योजक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. कोकणात जन्मलेल्या या मराठी अधिकाऱ्याचे नाव आपल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात कोठेही येत नाही. पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरण जिल्हा आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारे कार्यालय दर्शवितात. भाषा अनेक, लिप्या अनेक, एकाच नावाची गावे अनेक. या गुंत्यावर हा अंकांचा तोडगा होता. पत्त्याची भाषा न येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पाकीट योग्य पिशवीत टाकता यावे, ही त्यामागची दृष्टी. १९९३ मध्ये मुंबईत व १९९६ मध्ये चेन्नईत टपालाचे यांत्रिक वर्गीकरण सुरू झाल्यावर हेच अंक यंत्राच्याही उपयोगी पडले. पाकिटाचा वाचक आता केवळ माणूस राहिला नाही. सुवाच्य, एकसारखे, छापील अक्षर ही सोय न राहता अपेक्षा झाली.

कार्यालयीन प्रिंटर

नेमक्या याच सुमारास महाविद्यालयांच्या कचेऱ्यांत संगणक आले. प्रथम आले ते डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. शाईच्या फितीवर सुया आपटून अक्षर उमटविणारे हे यंत्र टंकलेखन यंत्राचेच भावंड होते. पाकीट जाड असेल तर बाजूची खिट्टी सरकवून डोके व रूळ यांतील अंतर वाढविता येई. आवाज कर्कश, अक्षर ओबडधोबड, पण ठसा पक्का. कित्येक कचेऱ्यांत वेतनपत्रके व पाकिटे यांसाठी हे यंत्र लेसर प्रिंटर आल्यानंतरही ठेवले गेले, ते उगाच नव्हे.

लेसर प्रिंटरचे तत्त्व वेगळे आहे. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अस्टोरिया येथे कोरडे छायामुद्रण साध्य केले. गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्स कंपनीत त्याला लेसर किरणांची जोड दिली. १९८४ मध्ये हेवलेट-पॅकार्डचा लेसरजेट बाजारात आला. कॅनन कंपनीच्या यंत्रणेवर बांधलेला, मिनिटाला ८ पाने छापणारा हा प्रिंटर मेजावर मावत होता. यात शाई नसते. टोनर ही प्लॅस्टिकमिश्रित भुकटी विद्युतभाराने कागदावर बसते आणि मग सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेल्या रुळांच्या दाबाखाली वितळून कागदाला चिकटते.

हे सारे सपाट, एकपदरी, कोरड्या कागदासाठी योजलेले आहे. पाकीट यांपैकी काहीही नाही. त्याला कोठे दोन पदर, कोठे तीन, शिवणीजवळ त्याहून अधिक. पदर बदलतो तेथे उंचवटा येतो, उंचवट्याशेजारी रूळ नीट टेकत नाही, आणि तेवढ्याच पट्टीत टोनर वितळत नाही. पाकीट प्रिंटरमधून बाहेर येते तेव्हा अक्षर दिसते स्वच्छ. टपालाच्या पिशवीत घासले गेले की भुकटी होऊन गळते. पावसाळ्यात दमट झालेला कागद उष्णता खातो आणि हा दोष वाढतो. दोन पदरांत अडकलेली हवा रुळाखाली सापडून सुरकुत्या पडतात. तोंडाचा गोंद उष्णतेने पाघळून रिकामे पाकीटच बंद होते. खिडकीचे पाकीट त्यासाठी खास बनविलेले नसेल तर त्याचा प्लॅस्टिकचा पापुद्रा आत वितळण्याची भीती. म्हणूनच प्रिंटरच्या माहितीपुस्तिकांत पाकिटे एकेक करून द्यावीत, मागचे दार उघडून सरळ मार्गाने बाहेर काढावीत, अशा सूचना असतात. काही प्रिंटरांना रुळांचा दाब कमी करणाऱ्या लहान खिट्ट्याही असतात. इंग्रजीतील ती पुस्तिका कचेरीत बहुधा खोक्यातच राहते. शाईफवारा प्रिंटरला या उष्णतेची बाधा नाही, परंतु त्याची पाण्यात विरघळणारी शाई आषाढातल्या टपालात टिकत नाही.

मापांचीही एक गंमत आहे. जर्मनीत १९२२ मध्ये ठरलेली मालिका पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली व फूलस्केप मागे पडून आपल्याकडेही ए-४ कागद रूढ झाला. तो २१० × २९७ मिलिमीटरचा कागद तीन घड्या करून ११० × २२० मिलिमीटरच्या पाकिटात नेमका बसतो. आपल्या बाजारात मात्र पाकिटे इंचांत मिळतात, नऊ बाय चार, दहा बाय साडेचार. आणि वर्ड या प्रणालीत पाकीट छापण्याची आज्ञा दिली की ती न विचारता अमेरिकेतील दहा क्रमांकाचे, साडेनऊ इंच लांबीचे पाकीट गृहीत धरते. तिन्ही मापांचा मेळ न बसल्याने पत्ता वर सरकतो, कधी तिकिटाच्या जागेत शिरतो, कधी शेवटची ओळ कागदाबाहेर जाते. शेवटची ओळ म्हणजे पिनकोडची.

लिपीचा प्रश्न

येथे केवळ तांत्रिक नसलेला मुद्दा येतो. हाताने किंवा मराठी टंकलेखन यंत्राने घातलेला पत्ता देवनागरीत असे. संगणक आल्यावर पत्त्यांची यादी एकदाच भरून शेकडो पाकिटांवर छापण्याची सोय झाली, आणि ही यादी बहुतेक ठिकाणी रोमन लिपीत भरली गेली. याचा अर्थ भारतीय लिप्यांची सोय नव्हती असा नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमधील 'जिस्ट' गटाने मोलाचे काम केले होते. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानकही ठरले. पुण्याच्याच 'श्रीलिपी'ने मराठी छपाई घरोघर नेली. परंतु असे अनेक टंक प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून केलेले होते. तो टंक ज्या संगणकावर नसेल तेथे 'मु. पो.' ऐवजी चिन्हांची अर्थहीन माळ उमटे. प्राचार्यांच्या कक्षात तयार केलेली यादी कचेरीतल्या प्रिंटरवर छापता येत नसे, आणि मग कंटाळून कारकून इंग्रजीकडे वळे. युनिकोड व त्यावर आधारलेला मंगल टंक विंडोज २००० बरोबर आला तेव्हा हा अडसर तत्त्वतः दूर झाला, पण भरलेल्या याद्या भरलेल्याच राहिल्या. कार्यालयाचे पत्र मराठी, शिक्का मराठी, आणि पाकिटावरचा पत्ता इंग्रजी, हे दृश्य त्यातून निर्माण झाले. रोमन लिपीत 'ड' आणि 'द', 'ट' आणि 'त' एक होतात. गावाचे नाव खेड्यातल्या पोस्टमनला अंदाजाने लावावे लागते.

मात्र छापील यादीने जे घालविले ते सर्वच हळहळण्यासारखे नाही. हाताने लिहिलेल्या पाकिटावर 'सौ.', 'कु.', 'गं. भा.' यांतून स्त्रीची वैवाहिक स्थिती पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना कळत असे. यादीच्या रकान्यात फक्त 'श्रीमती' मावली. ज्या पाकिटावर प्रथमच 'गं. भा.' ऐवजी 'श्रीमती' आले असेल, त्या पाकिटाचे मोल सुधारणेच्या इतिहासात नोंदविले पाहिजे, मग ते छापणाऱ्याच्या मनात सुधारणा नसून सोय का असेना.

पाकीट आणि पुरावा

१८९७ च्या सामान्य परिभाषा अधिनियमाच्या कलम २७ नुसार योग्य पत्ता घालून, टपालखर्च भरून रजिस्टर टपालाने पाठविलेले पत्र, विरुद्ध सिद्ध होत नाही तोवर, पोहोचले असे मानले जाते. 'योग्य पत्ता' हा शब्दप्रयोग ज्या काळी केला गेला तेव्हा पत्ता शाईने लिहिला जात होता. प्रिंटरमधून बाहेर पडताना पूर्ण असलेला व वाटेत गळलेला पत्ता योग्य म्हणावा की अपूर्ण? जावक बारनिशीत त्याचे उत्तर नाही, कारण तेथे पाकिटाची नोंद होते, त्यावर काय टिकले याची नोंद होत नाही. पत्र न मिळाल्याची तक्रार करणाऱ्याजवळ पुरावा म्हणून काहीही नसते. विलंबाने मिळालेल्याजवळ निदान पाकीट असते, तेही त्याने फेकून दिले नसेल तर.

१ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. मुलाखतीची पत्रे बव्हंशी ई-मेलने जातात. कचेरीतून अजूनही पाकिटे निघतात, परंतु त्यांची संख्या रोडावली आहे. अनेक ठिकाणी पाकिटावर थेट छापण्याऐवजी ए-४ कागदावर पत्ते छापून, कात्रीने कापून, डकवून दिले जातात. इकॉनॉमी स्लिपची ही नवी आवृत्ती प्रस्तुत लेखकाच्या विभागातही चालते. गेल्या सत्रात चर्चासत्राची १४० निमंत्रणे पाठविताना आमच्या ज्येष्ठ लिपिकांनी प्रिंटर बाजूला ठेवला, चिठ्ठ्यांना खळ लावली आणि प्रत्येक चिठ्ठीखाली पिनकोड निळ्या बॉलपेनने पुन्हा एकदा लिहिला.